पाच फुटी टेबलावर सेंच्युरियन आणि पॅटन: वॉरगेमसाठी रणगाडे कोणते घ्यावेत

वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर प्रतिकृती मांडून फाशांनी खेळायच्या लढाईसाठी, रणगाडा विकत घेताना बहुतेक जण खोक्यावरच्या चित्राला भुलतात. चित्रात धूर असतो, उडणारी माती असते, टरेटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजातून, डोके बाहेर काढलेला कमांडर असतो. आपल्या टेबलाची लांबी-रुंदी मात्र त्यात कुठेच नसते. काचेच्या कपाटात ठेवायच्या प्रतिकृतीची आणि खेळायच्या प्रतिकृतीची कसोटी अगदी वेगळी आहे. कपाटातल्या रणगाड्याला बांधून झाल्यावर कोणी हात लावत नाही. खेळातला रणगाडा मात्र एका संध्याकाळी असंख्य वेळा उचलला जातो, त्याचा टरेट सतत फिरवला जातो, त्याच्यावर फासे आदळतात, आणि खेळ संपला की तो डब्यात बसून स्कूटरच्या डिक्कीतून धरमपेठेतून मानेवाड्याला जातो. या परीक्षणात मी नागपुरात बसून मागवता किंवा करून घेता येतील अशाच प्रतिकृतींचा विचार केला आहे, आणि तोही एका ठरावीक हेतूने: १९६५ आणि १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धांतील रणगाड्यांच्या लढाया घरच्या जेवणाच्या टेबलावर खेळता याव्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या खेळाडूंसाठी बाजार भरलेला आहे. आपल्या युद्धांसाठी मात्र दुसऱ्यांच्या युद्धांकरिता काढलेल्या संचांतून निवडून, जुळवून घ्यावे लागते.

प्रथम टेबल मोजावे. आपल्याकडच्या फ्लॅटमधले सहा खुर्च्यांचे टेबल साधारण पाच फूट बाय तीन फूट, म्हणजे सुमारे १५२ बाय ९१ सेंटिमीटर असते. १:५६ या प्रमाणात, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या छप्पन्नाव्या हिश्शाएवढी असताना, हे टेबल प्रत्यक्षातील ८५ मीटर बाय ५१ मीटर जमीन दाखवते. १:७२ मध्ये ११० मीटर बाय ६६ मीटर, १:१०० मध्ये १५२ मीटर बाय ९१ मीटर, आणि १:२८५ मध्ये ४३० मीटरांहून थोडी अधिक लांबी. सेंच्युरियन या भारताकडच्या ब्रिटिश रणगाड्याची तोफ हजार मीटरवरून सहज मारा करी. १:१०० मध्येसुद्धा हजार मीटर म्हणजे दहा मीटर, आणि तेवढी लांबी आपल्या हॉलला नसते. त्यामुळे कोणतेही नियम घेतले तरी अंतर आखडलेलेच असते, हे मान्य करूनच पुढे जावे. प्रश्न एवढाच उरतो की हे आखडणे डोळ्यांना किती खुपते. एका भारतीय स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे रेजिमेंटच्या एका तुकडीत, १४ रणगाडे असत. १:७२ मध्ये सेंच्युरियनची रुंदी पावणेपाच सेंटिमीटर भरते. दोन रणगाड्यांमध्ये जेमतेम एका रणगाड्याएवढी जागा सोडली तरी १४ जणांची ओळ टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास पोचते. अशी मांडणी लढाईसारखी दिसत नाही, बर्डीतल्या रविवारच्या पार्किंगसारखी दिसते.

मोठ्या प्रमाणापासून सुरुवात करू. २८ मिलिमीटरच्या शिपायांना जोडीला १:५६ चे वाहन घ्यावे असा सर्वसाधारण संकेत आहे. २०१२ मध्ये आलेल्या ‘बोल्ट ॲक्शन’ या खेळामुळे वॉरलॉर्ड गेम्स, रुबिकॉन मॉडेल्स अशा कंपन्यांचे या प्रमाणातील प्लॅस्टिकचे संच सर्वत्र पसरले. तरीही अनेक जण तामियाच्या १:४८ प्रमाणातील रणगाड्यांकडे वळतात, आणि त्याला कारण आहे. २८ मिलिमीटरचा शिपाई तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजला जातो, त्याचे डोके-हात मुद्दाम ठसठशीत केलेले असतात आणि तो एका जाड बैठकीवर उभा असतो. त्यामुळे १:५६ चा रणगाडा त्याच्या शेजारी कधीकधी खुजा वाटतो. पण १:४८ चे वाहन लांबीत १७ टक्के आणि आकारमानात जवळजवळ ५९ टक्के मोठे असते, हे विसरून चालत नाही. एखादी जीप किंवा ट्रक मोठा दिसला तर खपतो, कारण त्यात माणसे बसवायची असतात. दोन्ही प्रमाणांतले रणगाडे एकाच टेबलावर मात्र मिसळू नयेत. आपल्या हेतूसाठी हा सगळा वाद थोडा गौण आहे. १:५६ मध्ये तोफ पुढे धरून सेंच्युरियन साडेसतरा सेंटिमीटरांचा होतो. असे दोन रणगाडे समोरासमोर आले की मधले शेत संपते.

या प्रमाणाला मी एकच सवलत देईन. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला येथे ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीतून पुढे गेले. तिथे रणगाडे एकाच बाजूला होते, संख्या थोडी होती आणि लढाई अरुंद खिंडीतली होती. स्टुअर्ट हा दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा असल्यामुळे १:५६ मध्ये तो सहज मिळतो, आणि आकारानेही आटोपशीर आहे. ज्यांना पायदळाचा खेळ आवडतो आणि वाहन म्हणून एक-दोन रणगाडेच हवेत, त्यांनी २८ मिलिमीटरमध्ये ही लढाई अवश्य उभी करावी.

१:७२ आणि १:७६ ही दोन भावंडे आहेत, आणि भारतात जुन्या छांदिष्टांकडे याच प्रमाणांचे संच सापडतात. १:७६ हे एअरफिक्सच्या जुन्या लष्करी वाहनांचे प्रमाण असून ते खेळण्यातल्या ओओ रेल्वेच्या मापाशी जुळते. १:७२ विमानांच्या प्रतिकृतींतून आले, कारण त्यात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच भरतो. दोहोंत सुमारे साडेपाच टक्क्यांचा फरक आहे. शेरमन १:७६ चा आणि पाकिस्तानकडचा अमेरिकी पॅटन १:७२ चा असेल तर तो फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र एकाच तुकडीतले दोन शेरमन दोन प्रमाणांचे असतील तर पहिल्याच नजरेत कळते. या प्रमाणात संचांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग छांदिष्टांचा: शंभराहून अधिक तुकडे, पट्ट्यांचे सुटे दुवे, टरेटवर हँडल आणि हूक वेगळे चिकटवायचे. दुसरा वर्ग खेळाडूंचा: आर्मरफास्टच्या खोक्यात दोन रणगाडे, इटालेरीच्या झटपट जुळणीच्या मालिकेतही दोन, प्लॅस्टिक सोल्जर कंपनीच्या खोक्यात तीन, आणि प्रत्येकाचे तुकडे मोजकेच. मी निःसंशय दुसऱ्या वर्गाची शिफारस करतो. चाके आणि पट्टा मिळून एकच तुकडा असतो, त्यामुळे बाजू मजबूत राहते. तपशील थोडा पुसट वाटला तरी दोन फुटांवरून, म्हणजे खेळणारा जिथून पाहतो तिथून, तो उणेपणा जाणवत नाही.

अडचण अशी की झटपट जुळणीचे हे संच बहुतांशी दुसऱ्या महायुद्धाचे आहेत. शेरमन मिळतो आणि तो आपल्याला हवाच आहे, कारण १९६५ मध्ये पंजाबात झालेल्या असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंटकडे शेरमनच होते. पण त्याच लढाईतील ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, ८ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ आणि समोरचे पॅटन यांसाठी १:७२ मध्ये पहिल्या वर्गाच्या, म्हणजे नाजूक आणि वेळखाऊ संचांकडेच जावे लागते. एक रणगाडा बांधायला असे काम सुखाचे असते. पुरा स्क्वाड्रन बांधायचा म्हटले की दहावा टरेट हातात घेताना छंद नोकरीसारखा वाटू लागतो.

म्हणून माझा कौल १:१०० ला, म्हणजे १५ मिलिमीटरच्या शिपायांबरोबर चालणाऱ्या प्रमाणाला आहे. त्याचे मुख्य कारण आकार हे आहेच, पण दुसरे कारण बाजाराचे आहे. न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंट कंपनीने आपल्या ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ या खेळाअंतर्गत अरब-इस्रायल युद्धांसाठी जी मालिका काढली, तिच्यात सेंच्युरियन, एम-४८ पॅटन, एएमएक्स-१३, टी-५४/५५ आणि पीटी-७६ हे सगळे आहेत. पंजाब, राजस्थान आणि बंगालच्या सीमांवर १९६५ आणि १९७१ मध्ये जे रणगाडे लढले, त्यांतले बहुतेक पश्चिम आशियातही त्याच काळात लढले, कारण विकणारे देश तेच होते. एखाद्याने आपल्या युद्धांची यादी समोर ठेवूनच ही मालिका आखली असावी, इतकी ती चपखल बसते. तुकडे मोजके आहेत, प्लॅस्टिक कडक आहे, साध्या प्लॅस्टिक सिमेंटने सांधे पक्के होतात, आणि रुंदी तीन-साडेतीन सेंटिमीटर असल्याने रणगाडा टरेटला न धरता हलच्या, म्हणजे खालच्या धडाच्या, दोन्ही बाजूंनी चिमटीत उचलता येतो. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण मोडलेल्या तोफांपैकी बहुतेक तोफा रणगाडा टरेटला धरून उचलल्यामुळेच मोडतात.

मात्र मालिका दुसऱ्या युद्धाची असल्यामुळे खोका उघडण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि याच बाबतीत खरेदीदाराने सर्वाधिक चोखंदळ असावे. पॅटनचे उदाहरण घेऊ. पाकिस्तानचे एम-४७ आणि एम-४८ हे ९० मिलिमीटरच्या तोफेचे होते, आणि एम-४८ च्या त्या तोफेच्या तोंडाशी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आडवा तुकडा असतो. इस्रायलने पुढे आपल्या पॅटनांवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली, तिच्या तोंडाशी असे काही नसते. संचात दोन्ही नळ्या असतील तर ‘टी’ असलेली निवडावी. एकच असेल आणि ती गुळगुळीत असेल तर तो पॅटन खेमकरणचा, म्हणजे असल उत्तरच्या रणांगणावरचा, नव्हे. जॉर्डनकडे १९६७ मध्ये ९० मिलिमीटरचेच पॅटन होते, त्यामुळे खोक्यावर जॉर्डनचा उल्लेख असेल तर काम सोपे होते. एम-४७ वेगळा ओळखता यायला हवा: त्याचा टरेट अरुंद आणि मागे लांब निमुळता होत गेलेला असतो आणि हलच्या पुढच्या भागात मशीनगन असते, एम-४८ चे हल नावेसारखे गोलाईदार असून पुढे मशीनगन नसते. दोन्ही पॅटनच म्हटले जात असल्याने विक्रेत्यांच्या याद्यांत गोंधळ होतो, म्हणून नावापेक्षा छायाचित्रावर विश्वास ठेवावा.

सेंच्युरियनच्या बाबतीत प्रश्न तोफेचाच आहे. १९६५ मध्ये आपल्या सेंच्युरियनवर २० पाउंडर, म्हणजे ८४ मिलिमीटरची तोफ होती. १०५ मिलिमीटरची नळी लावलेला सेंच्युरियन १९६५ च्या फिल्लोराच्या लढाईच्या टेबलावर ठेवला तर जाणत्या प्रतिस्पर्ध्याची भुवई वर जाईल. शेरमन घेताना इस्रायलचा १०५ मिलिमीटर तोफेचा एम-५१ टाळावा. त्याची ती लांबलचक नळी आपल्या कोणत्याही रेजिमेंटकडे नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या मालिकेतला ७६ मिलिमीटरचा शेरमन घेणे अधिक योग्य.

टी-५४ आणि टी-५५ यांतला फरक लहान असला तरी १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईसाठी महत्त्वाचा आहे. पाकिस्तानचा टी-५९ हा चीनमध्ये टी-५४ च्या धर्तीवर बनलेला रणगाडा आहे, आणि टी-५४ च्या टरेटच्या छतावर उजव्या बाजूला हवा खेळवण्यासाठी बसवलेला एक छोटा घुमट असतो. टी-५५ वर तो नसतो. संच टी-५५ चा असेल तर एम-सीलची मसुराएवढी गोळी करून तिथे बसवली की टी-५९ तयार होतो. उलट दिशेने तो घुमट कानशीने घासून काढता येतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकांमधली ठळक फट ही या घराण्याची खूण आहे, आणि स्वस्त प्रतिकृतींत तीच सर्वांत आधी हरवते. चाके समान अंतरावर दिसली तर तो संच परत ठेवावा. ज्यांना हे सगळे कागदावर पटत नाही, त्यांनी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन यावे. सेंच्युरियन, विजयंता आणि पकडून आणलेला पॅटन एकाच आवारात पाहिल्यावर प्रतिकृतीत काय शोधायचे ते आपोआप कळते.

पीटी-७६ बद्दल एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण हा रणगाडा हातात घेतल्यावर अनेकांना प्रमाणच चुकले असे वाटते. चौदा टनांचा हा हलका, पाण्यावर तरंगणारा रणगाडा तीस टनांच्या शेरमनहून लांब आहे: हलची लांबी ६.९ मीटर, तर शेरमनची ५.८ मीटरच्या आसपास. तरंगायचे तर पोकळ आणि ऐसपैस असावे लागते, म्हणून हे असे आहे. साच्याचा दोष नाही. २०-२१ नोव्हेंबर १९७१ च्या गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ च्या स्क्वाड्रनने पाकिस्तानच्या शॅफी या हलक्या अमेरिकी रणगाड्यांना तोंड दिले. पाच फुटी टेबलासाठी मला ही लढाई सर्वांत योग्य वाटते: दोन्ही बाजूंना एकेकच स्क्वाड्रन, सकाळचे धुके असल्याने अंतरे मुळातच कमी, आणि शॅफी दुसऱ्या महायुद्धातला असल्यामुळे कोणत्याही प्रमाणात मिळणारा.

१:२८५ बद्दल थोडक्यात सांगतो. जीएचक्यू या अमेरिकी कंपनीचे या प्रमाणातले धातूचे रणगाडे बारकाव्यांच्या दृष्टीने थक्क करणारे असतात. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांच्या सेंच्युरियनवर झाकणे आणि साखळ्या दिसतात. संपूर्ण रेजिमेंट संत्रा बर्फीच्या एका डब्यात मावते. असल उत्तर पूर्ण खेळायचे असेल, तर प्रामाणिक मार्ग हाच. पण चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना एम-४७ आणि एम-४८ ओळखता येत नाहीत, प्रत्येकाखाली बैठक आणि तिच्यावर नाव लावावे लागते, आणि मग आपण रणगाडे हलवतो आहोत की नावाच्या चिठ्ठ्या, असा प्रश्न पडतो.

थ्रीडी प्रिंटिंगने गेल्या काही वर्षांत हा सारा हिशेब बदलला आहे. नागपुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प छापून देणारी दुकाने आहेत, आणि तिथे रणगाड्याची फाइल दिली तर काम होते. फाइल मात्र ज्याने ती रचली त्याच्याकडून रीतसर घ्यावी आणि तिच्या अटी वाचाव्यात. स्वतःच्या वापरासाठी छापण्याची परवानगी म्हणजे विकण्याची परवानगी नव्हे. छपाईचे दोन प्रकार आहेत. तारेसारखे प्लॅस्टिक वितळवून थरावर थर देणाऱ्या यंत्रातून निघालेला रणगाडा चिवट आणि स्वस्त असतो, पण हलच्या उतरत्या पृष्ठभागावर थरांच्या रेघा उमटतात, आणि रंगाचा हात फिरला की त्या अधिकच उठून दिसतात. द्रव रेझिनच्या यंत्रातून निघालेला रणगाडा साच्यातल्या प्लॅस्टिकशी बरोबरी करतो, कधी त्याहून सरस असतो. त्याची तोफ मात्र काडीसारखी मोडते. उपाय सोपा आहे: नळी फाइलमधून काढून टाकून छापावी आणि तिच्या जागी इतवारीत मिळणारी बारीक पितळी नळी किंवा तार बसवावी. छपाईत आणखी एक सूक्ष्म दोष आढळतो. पट्टे तुटू नयेत म्हणून फाइल रचणारे ते जाड करतात, त्यामुळे रणगाडा दोन-तीन मिलिमीटर उंच होतो. दृष्टिरेषा प्रत्यक्ष पाहून ठरवणाऱ्या नियमांत हा फरक भोवतो, कारण १:१०० मध्ये पॅटनची उंचीच मुळात सुमारे तीन सेंटिमीटर असते आणि उसाच्या शेतामागे तो दिसतो की नाही यावर खेळ फिरतो.

नागपूरकरांना एक इशारा स्वतंत्रपणे द्यावा लागतो. वितळवून छापण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत एवढे तापमान सहज होते, आणि मग मधल्या सीटवर ठेवलेल्या स्क्वाड्रनच्या तोफा जमिनीकडे झुकतात. साच्यातले पॉलिस्टायरीन यापेक्षा बरेच अधिक तापमान सोसते. रेझिनचे वाकत नाही, पण खिडकीतल्या उन्हाने ते दिवसेंदिवस अधिक कडक आणि ठिसूळ होत जाते, म्हणून त्यावर प्रायमर आणि रंग लवकर चढवावा आणि डबा सावलीत ठेवावा. रंगाचेही तसेच. भर उन्हाळ्यात स्प्रेचा प्रायमर पृष्ठभागावर पोचण्यापूर्वीच वाळतो आणि रणगाडा खरखरीत होतो. कूलर चालू असलेल्या खोलीत वार्निश मारले तर दमट हवेमुळे ते दुधाळ होते. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ रंगकामाचा, आणि उन्हाळा फक्त जुळणीचा, अशी वाटणी आपल्या हवेला मानवते. जाता जाता: कूलरच्या जुन्या ताट्यांतला वाळा फेकू नये, कारण कातरून उभा चिकटवला की १:१०० चा ऊस त्याच्याइतका दुसऱ्या कशाचाच चांगला होत नाही.

इतवारी आणि सीताबर्डीच्या खेळण्यांच्या दुकानांत वॉरगेमचे काही मिळेल का, असे नवशिके हमखास विचारतात. ‘टँक’ म्हटल्यावर दुकानदार आधी पाण्याची टाकी समजतो, मग आतून बॅटरीवर वाजणारा, कोणत्याच सैन्याचा नसलेला हिरवा डबा आणून ठेवतो आणि वर म्हणतो, “भाऊ, हा नसल जमत तर जेसीबी आहे, चालते का?” हॉट व्हील्सच्या गाड्या मात्र सर्वत्र मिळतात आणि साधारण १:६४ प्रमाणाच्या असतात, उद्ध्वस्त जगातल्या गाड्यांच्या झुंजीचे खेळ त्यांच्यावर उत्तम चालतात, परंतु लष्करी खेळात त्यांचा उपयोग रस्त्याकडेला सोडून दिलेली गाडी म्हणूनच. आपल्याकडची प्लॅस्टिकची जीप दिसायला गोड असते, पण प्रमाण कुठेच छापलेले नसते. ती घ्यायची तर खिशात पट्टी घेऊन जावे: विलीस जीपची खरी लांबी ३.३३ मीटर, म्हणजे १:१०० मध्ये ३३ मिलिमीटर, १:७२ मध्ये ४६ आणि १:५६ मध्ये ५९. खेळण्यातली जीप यांपैकी एकाच्याही जवळपास नसेल तर ती घरातल्या मुलांना द्यावी.

किमतीचा विचार करताना संचाचा छापील आकडा फारसा उपयोगी पडत नाही. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले, आणि प्रतिकृतींचे संच त्याच वर्गात मोडतात. परदेशातून थेट मागवताना शुल्क, त्यावरचा कर आणि कुरिअर हे सगळे धरले की स्वस्त वाटलेला खोका दुपटीच्या घरात जातो. त्यामुळे भारतातल्या विक्रेत्याने दोन पैसे जास्त लावले तरी ते बहुतेक वेळा परवडते. वजनाचाही विचार करावा: धातू आणि ओतीव रेझिन जड, प्लॅस्टिक हलके, आणि कुरिअरचा दर वजनावर. एका खोक्यात पाच रणगाडे असलेले १:१०० चे संच या दृष्टीनेही उजवे ठरतात, कारण तीन खोक्यांत स्क्वाड्रन पुरा होऊन एक रणगाडा सुटे भाग म्हणून वापरायला उरतो.

जुळणीच्या वेळी टरेट चिकटवू नये, हे खरे तर सांगायला नको. नुसता भोकात बसवलेला टरेट मात्र रणगाडा उचलताना खाली पडतो. त्याऐवजी हल आणि टरेट यांत निओडिमियमचे छोटे चुंबक बसवावेत, दोन्हींचे ध्रुव आधी तपासून. टरेट फिरतो, पडत नाही, आणि रणगाडा निकामी झाला की बाजूला काढून ठेवता येतो. मऊ व्हिनाइलचे पट्टे असलेले संच शक्यतो टाळावेत. त्यांच्यावर रंग टिकत नाही आणि ते ताणून बसवले तर कालांतराने चाकांना ओढतात. अँटेना लावूच नयेत. दिसतात छान, पण पहिल्याच खेळात कोणाच्या तरी मनगटात घुसतात.

रणगाडे झाले, जीप आणि ट्रक यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे बाजार खरोखर तोकडा पडतो. असल उत्तरचा खेळ ४ ग्रेनेडियर्सच्या कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्या जीपशिवाय मांडता येत नाही. तिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस, म्हणजे झाडताना मागे धक्का न देणारी, तोफ होती. बॅटलफ्रंटच्या इतर युद्धांसाठीच्या मालिकांत जीप मिळते, पण तोफ नेमकी हवी तशी नसेल तर जाडसर टाचणीची नळी आणि तीन पायांसाठी तांब्याची बारीक तार वापरून ती घरी होते. काचेची चौकट खाली पाडलेली दाखवावी, कारण नळी तिच्यावरून पुढे जाते. ट्रकच्या बाबतीत परदेशी मालिका काहीच देत नाहीत. आपल्या सैन्याचा त्या काळातला ओळखीचा ट्रक म्हणजे शक्तिमान, जर्मन मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनलेला, लांब नाकाचा. नागपूरकरांनी तो कामठी छावणीच्या रस्त्यावर आणि जबलपूर महामार्गावर वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्यामुळे त्याऐवजी अमेरिकी ट्रक ठेवला तर तो आपल्या डोळ्यांना लगेच परका वाटतो. थ्रीडी प्रिंटवर खर्च करायचाच असेल तर तो रणगाड्यांवर करण्यापेक्षा या ट्रकवर करावा. त्याला तोफ नसते, म्हणून रेझिन मोडण्याची भीती कमी. पृष्ठभाग सपाट असल्याने रेघा घासून काढता येतात. चाकांचे आस थोडे जाड करून घ्यावेत, आणि मागचा ताडपत्रीचा हुड वेगळा छापून घ्यावा, म्हणजे तो काढला की आत शिपाई बसवता येतात आणि ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे टेबलावर वेगळी खूण न ठेवता कळते.